बर्फाची बादली

ती. आई,
इथूनच तुझ्या पायांवर डोके ठेवतो. मी बरा आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो.

मी सांभाळतो त्या तांबड्या घोडीचा मालक रविवारी शर्यतीआधी तबेल्यात आला. शेजारच्या ठाणावरच्या जनावराला थोपटत तो पाहुण्यांना म्हणाला, "ही माझी लेक." ते दुसऱ्याचे होते, आणि घोडा होता.

खऱ्या लेकीचा पुढचा पाय कढत होता. तू आमचा ताप बघायचीस तसा मी तो रोज उलट्या हाताने बघतो. ट्रेनरला सांगितले, तर म्हणाला, "डॉक्टर तपासायला येईपर्यंत बर्फात ठेव. त्यांच्या हाताला गार लागला म्हणजे झालं." तशी पळवली तर पाय मोडतो, आणि पाय मोडलेल्या घोडीला सुई देऊन संपवतात.

मी बादलीतला बर्फ मोरीत ओतला. डॉक्टरांनी पायाला हात लावला आणि तिचे नाव शर्यतीतून काढले.

"पाहुण्यांसमोर माझं नाक कापलंस," मालक ओरडला. त्याला नाक आहे हे मला तेव्हा कळले.

घोडी आता निवांत गवत खाते. बाबांचा गुडघा कसा आहे? शनिवारपासून मीच शेकत जाईन. त्यांना मात्र मला सुट्टी मिळाली एवढेच सांग.

तुझा,
धाकटा