न्हाय, हरकत

३० जानेवारी
सुजाता, लिहायला उशीर झाला, राग धरू नको. तू वही देताना म्हणालीस, आबा, मनात घोळवत बसू नका, रोज चार ओळी लिहा, मी आले की वाचीन. पण हात उचलला नाही. सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली, आणि माझ्याच तोंडून घात झाला.

ओढ्याकडच्या गायरानावर सरकारचे सोलर बसणार. त्यातच आपल्या बौद्धवाड्याची मयताची जागा. तुझ्या आईला जिथे अग्नी दिला, ते करंजाचे झाडही त्यातच. सरपंचांनी माईकवरून विचारले, "कुणाची हरकत न्हाय न्हवं?" मी मागून उठून ओरडलो, "न्हाय! हरकत हाय!" नेमका तेव्हाच माईक किंचाळला. शेवटचा 'हाय' त्यात गेला. सरपंच म्हणाले, "ऐका, बौद्धवाड्यातनं आबाच म्हणत्यात, न्हाय हरकत!" टाळ्या. मी दोन्ही हात हलवत राहिलो. लोकांना वाटले, म्हातारा नमस्कार करतोय.

२ फेब्रु.
वाड्यात कोणी सरळ बोलत नाही. शेजारची गंगूअक्का, माझ्याहून मोठी, उंबऱ्यातूनच,
"आबा, भाषण झ्याक झालं की! आता आमास्नी कुठं जाळतोस? तुझ्या परड्यात?"
"अक्का, मी न्हायच म्हणालो गं."
"व्हय की. न्हायच म्हणालास. त्येच तर झालं."
तुला फोन केला. ओळखीच्या वकिलाला विचारते म्हणालीस. बरे वाटले. बीपीची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. आता परत घ्यावी तर...

९ फेब्रु.
ग्रा. पं. मध्ये गेलो. ग्रामसेवक तरुण आहे, वाईट नाही. खुर्ची दिली, ठराव वाचून दाखवला. "ग्रामस्थांनी ना हरकत दिली." मी म्हटले, साहेब, 'ना'च्या पुढे जरा थांबा. मी आधी ना म्हणालो, मग हरकत म्हणालो. हसला. "आबा, तुमचं खरं असंल. पण ठराव वर गेला. आता पुढच्या ग्रामसभेत मांडा." पुढची एक मेला. तोवर काय राहते?

बाहेर सरपंच भेटले. "आता सगळ्या गावाला एकच स्मशानभूमी. समता न्हवं का ही? जयंतीला तुमीच सांगता की!"
मी विचारले, "गावच्या शेडात आमचं माणूस घ्याल?"
"कायदाच हाय की तसा."
कायदा आहे हे मलाही ठाऊक आहे. मी घ्याल का, ते विचारले होते. ते म्हणाले, चहा घ्या. घेतला. का घेतला कोण जाणे.

२ मार्च, सोमवार
कोल्हापूरला जाऊन आलो. जिल्ह्याच्या कचेरीत आज लोकशाही दिन, मोठे साहेब स्वतः गाऱ्हाणी ऐकतात. एस.टी.त उभ्याने गेलो तरी पाय दुखले नाहीत. नावच असे आहे त्या दिवसाचे.

टेबलावरची बाई म्हणाली, "आजोबा, आधी तालुक्याच्या लोकशाही दिनात जायचं. तिथं नाही झालं तर इथं."
"तिथली लोकशाही कधी असते?"
"तिसऱ्या सोमवारी. पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो."
म्हणजे हा महिना हुकला. बाईने पाणी दिले, जिन्यापर्यंत सोडायला आली. सगळे चांगलेच भेटतात. भांडायचे कुणाशी?

११ मार्च
गायरानात लाल फडक्यांच्या खुंट्या ठोकल्या. एक बरोबर करंजाच्या बुडाशी. मोजणारा माणूस म्हणाला, "पावणं, सरका जरा. इथं काय पुरलंय काय?"
"पुरलं न्हाय. जाळलंय. बायकोला."
त्याने टोपी काढली. खुंटी उपटली आणि हातभर पलीकडे ठोकली. एवढ्या दिवसांत कोणी काही केले असेल तर याने.

१२ मार्च
खुंटी परत बुडाशी.

१४ मार्च
गंगूअक्का अंथरुणाला खिळली. पेज पोटात ठरत नाही. डॉक्टर म्हणाले, घरीच असू द्या. लेक उशाशी बसून आहे. जेसीबी ओढ्याच्या अलीकडे आणून लावलाय. मी तिकडे बघत नाही, आणि दुसरीकडेही बघवत नाही.

१५ मार्च
अक्काने बोलावले. हात धरला. हाताला वजनच नाही. "आबा, त्या शेडात न्हिऊ नगासा. दारातनं माघारी आणतील, लेकीला बघवायचं न्हाय. करंजाखाली न्हेशील न्हवं?"
मी म्हटले, "व्हय."
"मोठ्यानं बोल. तुझं कुणाला ऐकू जात न्हाय." आणि हसली.
"व्हय!" म्हणालो. सगळ्या घराने ऐकले. माईक नव्हता, काही नव्हते. आता हा शब्द मी कुठून पाळू?

सुजाता, तू येईपर्यंत वही थांबेल, अक्का थांबणार नाही. या पानाचा फोटो कुणाकडून तरी काढून पाठवतो. वकील काय म्हणाले ते लवकर कळव. होकार असो, नकार असो. पण नुसते 'नाही' लिहू नको, बाळ. पुरते वाक्य लिही. फोन उशाशी घेऊन बसलोय.