केबिन दाखवणारे काका

९ मार्च, रविवार

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण तू मध्येच "अगं पण" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

बाबा तुझ्याकडे पोचले, नीट जेवतात, हे कळलं. तुझी आठवण आली म्हणून आलो, असं त्यांनी सांगितलं असेल. ते खरंही असेल.

त्यांचं रेल्वे संग्रहालय एकदाचं पाहिलंस का, असं तू विचारलं होतंस. पाहिलं. जुन्या मालगोदामात दोन खोल्या आणि बाहेर ती सिग्नल केबिन, एवढाच पसारा. पण ठेवलंय मात्र लख्ख. सगळी निवृत्त मंडळी, पगार कुणालाच नाही, आणि पितळी कंदील कुणी पुसायचा यावरून रुसवेफुगवे. तिकिटं फाडायला एक माजी पोस्टमास्तर बसतात, बोलायला फार गोड. केबिनचा जिना चढताना आमच्या साहेबांना अशी धाप लागली की त्यांना मध्येच बसवावं लागलं.

हो, ऑफिसचे लोक बरोबर होते. सहल होती. ठिकाण मी सुचवलं नव्हतं, पण बाबांना कळलं तेव्हापासून ते हवेत होते. इस्त्री केलेल्या गणवेशाला पुन्हा पुन्हा इस्त्री.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. ऑफिसात मी कधीतरी बोलून गेले होते, वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणून. सिग्नलचे लिव्हर ओढणारे केबिनमन होते, हे काही तोंडातून निघालं नाही. त्या दिवशी केबिनमध्ये बाबा टोपीसकट उभे होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "यांना रिटायर झाल्याचं कुणी कळवलेलं दिसत नाही." सगळे हसले. ताई, मीही हसले.

बाबांनी ऐकलं असणार. त्यांनी लगेच माहिती सांगायला सुरुवात केली. लिव्हर ओढण्याआधी प्रत्येकाच्या हातात फडकं देत होते. आणि आमची ओळख नाही हे पक्कं व्हावं म्हणून मी विचारलं, "काका, हे फडकं कशाला?"

उघड्या हाताच्या घामाने लोखंड गंजतं, हे आपण बोलायला लागलो तेव्हापासून ऐकत आलोय. डबा घेऊन गेलं की आधी आपले हात बघायचे ते. बाबांनी एक फडकं माझ्यापुढेही धरलं. मग म्हणाले, "चांगलं विचारलंत, मॅडम." आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. मला, अहोजाहो करून.

घरी चहा पिताना पुन्हा अगंतुगं. तुझ्या साहेबांना आवडलं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. माफी अगदी ओठांवर आली होती, पण त्यांनी पेपर उघडला आणि मला गप्प बसायला तेवढं निमित्त पुरलं. पुढच्या रविवारी ते संग्रहालयात गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. मग बॅग भरली.

आज मीच तिथे गेले. पोस्टमास्तरांना सांगितलं की केबिन दाखवणारे माझे वडील आहेत आणि त्या दिवशी मी त्यांना ओळख दिली नाही. लाजेने मान वर होत नव्हती. ते तिकिटांचा गठ्ठा सारखा करत राहिले. मग म्हणाले, तुमचा फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तुम्ही येणार म्हणून पाळी नसताना केबिन त्यांना दिली होती, आणि कौतुक बघायला आम्ही सगळे जिन्यात उभे होतो.

मला वाटलं, आता दोन शब्द ऐकावे लागणार. तेही परवडलं असतं.

"तुम्ही गेल्यावर ते खाली आले," पोस्टमास्तर म्हणाले. "आम्ही काही विचारायच्या आत म्हणाले, 'ती नव्हे ती. माझ्या मुलीला आज यायला जमलं नाही. ती आली असती, तर तिनेच माझी ओळख करून दिली असती.'"

साहेबांना उद्या खरं सांगते. ते सोपं आहे. शनिवारी मी तिकडे येतेय. बाबांना कळवू नकोस, नाहीतर काही झालंच नाही अशा चेहऱ्याने मला घ्यायला स्टँडवर येऊन उभे राहतील, आणि ते मला सोसायचं नाही.

तुझी,
आणि ते अजून म्हणत असतील तर त्यांचीही,
धाकटी