दोरा गोलावर ताणायचा

मंगळवार, ३

मागे लिहिलेलं चुकलं आहे. आधी ते दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं — दादा निघाला होता, पण त्याच्या शहराहून इथवर तीस तासांचा प्रवास, दोनदा विमान बदलायचं. मधलं विमान चुकलं, तो बर्फात अडकला आणि बाबा गेल्याचं कळल्यावर वाटेतूनच परत फिरला.

खोटं. थेट विमान आहे. रोज सुटतं. अकरा तास!

काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, "अकरा तासांत हे पोचले, आठवडाभर बाबांजवळ राहिले. तेवढंच समाधान गं."

मी 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही.

दादा इथे आलाच नव्हता.

बुधवार, ४

पडताळलं होतं मी. पण भिंतीवरच्या नकाशावर. दादाच फोनवर म्हणाला होता, "नकाशात बघ, कुठल्या कुठे आहे." दोरा लावला, चौदा हजार किलोमीटर भरले. तीस तास पटले.

शाळेत घालण्याआधी बाबांनी आम्हा दोघांना घरीच शिकवलं, याच टेबलाशी. पहिला धडा हाच — नकाशा सपाट, पृथ्वी गोल; दोरा गोलावर ताणायचा. आज बाबांच्या जुन्या पृथ्वीगोलावर ताणला. उत्तरेच्या बर्फावरून वळून गेला. नऊ हजार.

मी विसरले. दादा विसरला नव्हता. मी विसरेन हेही त्याला ठाऊक होतं.

शुक्रवार, ६

बाबा डोळे मिटूनच विचारायचे, "कुठवर आला?" मी नकाशावर बोट ठेवून एकेक शहर सांगायचे. शेवटच्या दिवशी म्हणाले, "गोल आण." मला वाटलं, भ्रम झालाय. "पडून राहा," म्हटलं.

आणला असता तर त्यांना कळलं असतं. की कळलंच होतं?

याची भरपाई दादाकडून घेणार. सगळी.

सोमवार, ९

दादाचा फोन. चार दिवस तुझ्याकडे येऊ का, मी सहज विचारलं.

"नको गं चिमणे. तीस तास विमानात बसायचं म्हणजे चेष्टा आहे का? तुला तर लिफ्टमध्येसुद्धा घाबरायला होतं."

"बरं," म्हटलं. आवाज जराही हलला नाही. एरवी मला डोकेदुखीचं खोटं कारणही सांगता येत नाही.

गुरुवार, १२

तिकीट काढलं. फक्त वहिनीला कळवलं. दादाला चकित करायचंय, बोलू नकोस, असं सांगितलं. ती खूश झाली. एकटीच घ्यायला येतेय. विमानतळावरून घरापर्यंत तासभर गाडीत आम्ही दोघीच.

तो आठवडा दादा कुठे होता, हे मी विचारणार नाही. वहिनी विचारेल.

रविवार, २२. दुपारी उतरते.