कराचीला केव्हा यावं

गुरुजी,

तुम्ही जाऊन आता वीस वर्षं होत आली. नोकरी संपवून मी शिरपूरला परत आलोय. सकाळी शाळेवरून जाताना पाढ्यांचा आवाज येतो आणि पाय आपोआप मंदावतात. तुम्ही असता तर हे समोर बसून बोललो असतो. तेवढं धाडस झालं असतं की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

मी चौथीत होतो. तुम्ही शाळेच्या अंगणात पाणी शिंपडून ओल्या मातीत हिंदुस्थानचा नकाशा काढला होता. डाव्या अंगाला वर एक चिंचोका ठेवता आणि सांगता, ही कराची, इथून पुढं सगळा समुद्र. मी विचारतो, "गुरुजी, समुद्र आपल्या तळ्याएवढा राह्यते काय?" सगळे हसतात. तुम्ही त्यांच्याकडं वळता. "हसून काहून राह्यले? तुमच्यापैकी कोनं पाह्यला?" मग मला म्हणता, "लय मोठा राह्यते म्हणते. पन मी बी पाह्यला नाही." गुरुजींनाही एखादी गोष्ट पाहायची राहिलेली असते, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं अब्बा मला कापूस पिंजण्याच्या कामाला बसवायला निघाले, तेव्हा तुम्हीच आमच्या दारात उभं राहून त्यांना अडवलंत. "याचं अक्षर चांगलं आहे, मियाँ. दोन वर्सं द्या मले." त्या अक्षरावर मला अकोल्याला कापसाच्या पेढीत कारकुनी मिळाली, आणि त्याच पेढीनं मला कराचीला धाडलं.

तिथून मी तुम्हाला पहिलं कार्ड लिहिलं, त्यात समुद्र पाहिल्याचं लिहिलं होतं. तुमचं उत्तर लगेच आलं. शाळेला सुट्टी वैशाखात असते, तेव्हा येऊ काय, तिथली हवा कशी राहते? मी सविस्तर लिहिलं. वैशाखात येऊ नका. ऊन फार, वाऱ्यानं रेती उडते, समुद्र खवळायला लागतो. पुढं श्रावण सरेपर्यंत बोटीचा प्रवास हालाचा. मार्गशीर्ष-पौषात या, हवा कोरडी, आकाश स्वच्छ, पाणी अगदी शांत. तुम्ही लिहिलंत की पौषात शाळा असते, साहेब तपासणीला तेव्हाच येतात, रजा कोण देणार. दुसऱ्या वर्षी तुम्ही पुन्हा विचारलंत आणि मी पुन्हा तेच लिहिलं. असं सात वर्षं चाललं. शेवटच्या दोन कार्डांवरचं अक्षर तुमचं नव्हतं. ते मला दिसलं होतं. मी विचारलं नाही.

नोकरीतून मोकळे झालात आणि त्याच मार्गशीर्षात तुम्ही निघालात. मी धक्क्यावर घ्यायला आलो होतो. तुमच्या भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही फळीवरून उतरत होतात, एकेक पाऊल चाचपत. मला वाटलं, बोट लागली असेल. पुढं होऊन मी पायाला हात लावला तर तुम्ही माझ्या तोंडावरून हात फिरवलात, कपाळ, नाक, दाढी. "दाढी ठेवली काय बे तू?" म्हणालात. भाचा हळूच म्हणाला, "काचबिंदू आहे. दोन वर्सं झाली. काईच दिसत नाही त्यायले."

मी विचारलं, "मले कळवलं काहून नाही, गुरुजी?"

"कळवलं असतं तं तू म्हणला असता, आता कायले येता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण किनाऱ्यावर गेलो. मी सात वर्षं कार्डांवर लिहीत होतो, अगदी तशी सकाळ. धूळ नाही, ढग नाही, दूरची शिडं मोजता यावीत इतकं स्वच्छ. तुम्ही वहाणा काढून वाळूवर उभे आहात, धोतर पोटरीपर्यंत वर धरलेलं. मान जराशी कलती करून ऐकताय. पाणी येतं आणि वाळूत जिरतं, त्याचा कानाला काही पत्ता लागत नाही.

"कुठी आहे?" तुम्ही विचारता.

"समोरच आहे, गुरुजी. दहा पावलांवर."

"आवाज नाही येऊन राह्यला. मले वाटे, लय गर्जत असंन."

"या दिवसांत शांत राह्यते," मी म्हणतो. हाच समुद्र वैशाख-ज्येष्ठात घरापर्यंत ऐकू येतो. डोळे असलेल्या माणसासाठी चांगला तो ऋतू मी तुम्हाला निवडून दिला होता.

हात धरून मी तुम्हाला पाण्यात नेलं. घोट्याला पाणी लागलं तसे तुम्ही थांबलात, वाकलात, ओंजळीत घेऊन चाखलंत, थुंकलात. "सांग आता, कसा दिसते." मी सांगायला लागलो. निळा म्हणालो, मग कडेला हिरवट म्हणालो, मग पुढं आभाळाला टेकलाय म्हणालो, आणि मग मला काही सुचेना. ज्यांनी मला शब्द शिकवले त्यांच्यापुढं चार वाक्यांत माझे शब्द संपले. तुम्ही वाट पाहिलीत. मग माझ्या मनगटावर थोपटून म्हणालात, "राहू दे. तू रडू नको. लोक पाहून राह्यले असतीन."

आठ दिवसांनी तुम्ही परत गेलात आणि पुढल्या पावसाळ्यात तुम्ही गेल्याचं भाच्याचं कार्ड आलं. ते मी पेढीवर उभ्यानंच वाचलं आणि पुन्हा कामाला बसलो, कारण दुसरं काय करायचं ते कळलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं, गुरुजी? लिहून झालं की अब्बांच्या जुन्या पेटीत ठेवून देईन. पण एक गोष्ट लिहायची राहिलीय. कराचीत वैशाखातली संध्याकाळ बरी असते. समुद्रावरून गार वारा सुटतो, लोक बायकापोरांना घेऊन फिरायला निघतात. मला ते पहिल्याच वर्षी ठाऊक झालं होतं. तुम्ही इतक्या वेळा आमच्या दारात आलात, पण आमच्या घरचं पाणी कधी प्यायला नव्हतात. तिकडं माझ्या घरी उतरलात आणि तिथंही नको म्हणालात तर, याची मला भीती वाटत होती. तुम्ही आल्या आल्या माझ्या बायकोकडं पाणी मागितलंत आणि दोन पेले प्यालात. एका कार्डावर विचारलं असतं तर सात वर्षं आधीच कळलं असतं. मला विचारवलं नाही. मी ऊन फार आहे असं लिहिलं.