शेजारच्या घराचं स्वातंत्र्य

सोम. १० नोव्हेंबर, सकाळी ६
रविवारी शहापूरच्या वाचनालयात माझं व्याख्यान. 'परराष्ट्र धोरणातून स्वातंत्र्याचा प्रसार.' धरणाच्या ऑफिसात तीस वर्षं फायली वाचल्या, त्यामुळे या विषयावरचं परदेशी विचारवंताचं पुस्तक झटक्यात कळलं. पहिलं प्रकरण, 'आधी स्वतःचं उदाहरण'. सोपं वाटलं, सोडलं. थेट तिसरं: शेजारी राष्ट्रावर दबाव.

प्रात्यक्षिक हवं. शेजारी कोंडू. सुनेला, सुरेखाला, मुरबाडच्या शिवण क्लासला जाऊ देत नाही. हुकूमशहा, दुसरं काय!

मंगळ. ११
निर्बंध लागू. माझ्या अंगणातली त्याची पायवाट काटेरी फांद्या टाकून बंद. भाताच्या झोडणीसाठी ताडपत्री मागायला आला. नाही म्हटलं. म्हणाला, बरं रे, राहू दे. हादरलाय.

लेकीने, नेहाने, पुन्हा तोच विषय काढला. पुण्याच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी, सोमवारी १७ ला हजर व्हायचंय, ओरिजिनल सर्टिफिकेटं हवीत. ती माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. एकटी मुलगी पुण्यात? छे! ही आमची अंतर्गत बाब.

गुरु. १३
कोंडूच्या खळ्यावर माझीच ताडपत्री! आमच्या मंडळींनी, म्हणजे हिनेच, कुंपणावरून दिली. घरातच फितुरी. नेहा दोन दिवस जेवली नाही. किल्ली आता उशीखाली.

शुक्र. १४, दुपारी
विजय! सुरेखा कोंडूच्याच बाइकवर क्लासला गेली. ही म्हणते, झोडणी आटपली की जायचं असं सुरेखानेच ठरवलेलं, कोंडूने नाव कधीच घातलंय. हिला राजकारण कळत नाही.

शनि. १५
नेहा घरात नाही. विहिरीत डोकावून आलो.

कोंडूकडे सापडली, सुरेखाशेजारी भाकऱ्या थापत. राजकीय आश्रय! घरी चल म्हटलं. म्हणाली, कागद द्या, येते.

रवि. १६, सकाळी
कोंडू फांद्या बाजूला सारून थेट अंगणात. मागे नेहा, आणि आमची मंडळी त्याच्या बाजूला. म्हणाला, पोरीचे कागद दे रे, तिचं काय चुकलंय? उद्याचा टाइम गेला तर जागा जाईल तिची. हा परकीय हस्तक्षेप आहे, मी ठणकावलं. कोणी हसलंसुद्धा नाही.

प्रदीर्घ वाटाघाटी (दोन मिनिटं). किल्ली दिली.

नेहा पाया पडली. कोंडूने बाइकवरून स्टँडवर सोडलं. पोचल्यावर फोन करशील ना, एवढंच विचारायचं होतं. राहिलं.

संध्याकाळी ५
मला ताप असल्याचं वाचनालयाला कळवलं. पहिलं प्रकरण उघडलं. चारच पानं आहेत.

किल्ली परत खिशात. कपाटात आता कुलूप लावण्यासारखं काही नाही.