हसायचं राहिलं

१० जाने., कोरीट
आज मेले. वय अठ्ठेचाळीस, एम.ए. संस्कृत; पेशा, आप्पांच्या अहिराणी पिक्चरमधली सासू. वडीलच दिग्दर्शक म्हटल्यावर मरणही त्यांच्या सोयीनं. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीशेजारी खाट, अंगावर हिरवं लुगडं. प्रेताला दोनदा शिंक आली. तिसऱ्यांदा नीट मेले, तर कॅमेऱ्याची बॅटरी संपली.
घरचा नियम आईचा (तीच आप्पांची पहिली हिरॉइन): पडद्यावर मेलं की त्याच कॅमेऱ्यापुढे हसायचं, मगच उठायचं, नाहीतर मरण मागे लागतं. कॅमेरा धाकट्या भावाचा, दिन्याचा. म्हणाला, "ऱ्हाऊ दे ताई, सकाय लीसूत." उठले.

१२ जाने.
हसायचा शॉट काल राहिला, आजही.
आंघोळीत डाव्या स्तनात गाठ लागली. बोराएवढी. दोन दिवसांत उगवत नाही असली गोष्ट, एवढं कळतं. कावळा बसला, ताडफळ पडलं: काकतालीय न्याय. न्यायाचं नाव लगेच आठवलं. टॉवेल कुठे ठेवला ते मात्र आठवेना.

१५ जाने.
नंदुरबारला डॉक्टरीणबाई. तुकडा काढून सुरतला पाठवला. आठवडा लागेल. दिन्याला सांगितलं, आप्पांना नाही. एक्याऐंशी वय, आणि आई याच दुखण्यानं गेली.
आई तर प्रत्येक मरणानंतर हसली होती. तरी गेली. म्हणजे नियम खोटा. तर्क चोख आहे, त्यानं धीर मात्र येत नाही. जेवण जात नाही. गाठीवर सारखा हात...

२१ जाने.
चहाला आप्पा: "तुन्हं हासनं बाकी शे. हिरवं लुगडं काढ. सकाय कोरीट जासूत."
"तुम्ही ते देवले बी नही मानतस, आप्पा."
"देवले नही मानस. तुन्ही मायले मानस."
दिन्या खाली बघून चहा ढवळत होता. चहात साखर नव्हती. यानं सांगितलं की काय? विचारायची छाती नाही.

२२ जाने., कोरीट
पोचतो तोच दिन्याच्या फोनवर रिपोर्ट. म्हटलं, उघडू नको, आधी शॉट.
तीच खाट, तेच लुगडं. आप्पा खुर्चीत. "हास, माय."
ओठ ताणले.
"हाई हासनं शे का दातदुखी?"
पुन्हा. पुन्हा. आता रडणार, एवढ्यात आप्पा काठी टेकून उठायला गेले आणि शिंकले. एकदा, दोनदा, टोपी मिरच्यांत. मी फस्सकन हसले.
"कट." डोळे पुसत होते. "मिरची शे," म्हणाले.
हे गाडीत लिहितेय. दिन्या, फोन हातात: "उघाडू का, ताई?" म्हटलं, चष्मा सापडत नाही.
पुढच्या सीटवरून आप्पा, मागे न वळता: "मोठ्यानी वाच रे, दिन्या. माले बी आयकनं शे."