बेंडवरची म्हैस

सर, आज तुम्ही हवे होतात. उस्मानपुऱ्यातल्या तुमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी नवीकोरी इंजिनिअर म्हणून आले, तेव्हा गच्चीवरच्या पावसाच्या पाइपाचं माझं पहिलं ड्रॉइंग तुम्ही चहाच्या कपाखाली सरकवलं होतं. उतार बरोबर, व्यास बरोबर, पण पाइप जिथं तळाशी वळतो त्या बेंडला एकही आधार नाही. "उताराचं पाणी आपलं आपण वाहून जातं सर, प्रेशर कुठलं?" मी ठसक्यात म्हणाले. तुम्ही मूळचे पाचोडचे; शहरात हयात गेली तरी बोली सुटली नव्हती. "अन् खाली तुंबलं तर? गच्चीपर्यंत पाणी उभं राहतंय ना बाई. बेंडला म्हैस ढुशी देती, म्हैस! तिला धरायला कोण हाय तिथं?" सगळं ऑफिस हसलं, मी रडवेली झाले. संध्याकाळी तुम्हीच शेजारी बसून पाण्याची उंची आणि पाइपाचं तोंड यांचा हिशोब करून दाखवलात. रेटा खरंच म्हशीच्या वजनाएवढा निघाला. पुढच्या आठवड्यात माझ्या मापाचं हेल्मेट आणून दिलंत, कारण ऑफिसातलं माझ्या नाकावर घसरायचं. ते मला फार आवडलं होतं, पण तसं म्हणाले नाही.

आज वाळूजला, एका नव्या दवाखान्यात. फॉल्स सीलिंगच्या आत बेंड, खाली बाळंतिणींच्या खाटा येणार, आणि मी दाखवलेला आधार ठेकेदारानं गाळलेला. "मॅडम, लई ताण घेता तुम्ही. ग्रॅव्हिटीचं पाणी हाय," तो हसतो. उद्घाटन तोंडावर आलंय. सीलिंग बंद करणं अडवलंत तर दुसरा इंजिनिअर बघू, असं मालक तोंडावर सांगतो. मग मी तुमचाच रिवाज पाळला, झाकायच्या आधी पाणी भरून बघायचा. पाइपाचं खालचं तोंड बंद करायला लावलं, सगळ्यांना जरा लांब उभं केलं आणि गच्चीवरून पाणी भरलं. ते काठाला आलं आणि बेंड सांध्यातून निसटला. लांब उभे राहूनही आम्ही चिंब. मालक चष्मा पुसत ठेकेदाराला म्हणाला, "आधार लावा."

मॅडमचा अंदाज पक्का, असं सगळे म्हणत होते. घरी येऊन हे लिहायला बसले, पाठवायचं कुठं ते माहीत नाही. पण पाणी चढत होतं ना सर, तेव्हा मला माझ्या गणिताची खात्री नव्हती. मी मनातल्या मनात त्या पाइपाला "निसट, निसट रे" म्हणत होते. तुम्हालाही असं व्हायचं का, एवढं विचारायचं राहून गेलं.